गंगेवर सापडलेलं : तिसरा महिना

डिसेंबरात ठरवलं, रोज सकाळी नाशकातल्या पंचवटी कारंजावरून गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) जायचं आणि वाटेत जे काही भलतंच पडलेलं दिसेल त्यातल्या एकाच वस्तूचा फोटो काढायचा. कॅमेरा म्हणजे खिशातला मोबाईल. खाडे वगळून ७१ फोटो झालेत. त्यातले ठेवण्याजोगे बारा-पंधरा, तेही दिवस चांगला असला तर.

नियम एकच : वस्तूला हात लावायचा नाही. जशी पडली तशी. फक्त संक्रांतीनंतर नायलॉन मांजा दिसला की आधी फोटो, मग गुंडाळून खिशात, घरी येऊन कात्रीने तुकडे. बंदी असूनही महिनाभर तो झाडाझाडांवर लटकत असतो, आणि पाखरांचे पाय आपल्या नियमाची वाट बघत नाहीत.

पहिला महिना वाया गेला म्हणायला हरकत नाही. चपलाच चपला. एकेका चपलेत मोबाईल खुपसून काढलेले फोटो; ते नाशकातले की नागपुरातले, कळायला मार्ग नाही. डोळा उघडला तो एका निळ्या मगामुळे. अंघोळीचा साधा प्लास्टिकचा मग दुतोंड्या मारुतीच्या पायाशी कलंडलेला. जवळून काढला तर मग, बस्स. दहा पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर काढला, तर वर उभा मारुती आणि खाली हा मग. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावर अख्खं शहर पूर मोजतं. आणि आता तिथे पाणी मोजायला मग ठेवलाय! तेव्हापासून वस्तूआधी तिच्या मागचं बघतो.

या महिन्यातली खरी कमाई म्हणजे एक वाटी. रामकुंडाच्या अलीकडच्या पायरीवर उताणी पडलेली, स्टीलची, आतून नाव कोरलेली. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय आहेर पुरा होत नाही, तसली. सातला पाहिली तेव्हा पायरी सावलीत होती. वाटीत आभाळ आणि माझं टक्कल एवढंच दिसत होतं, अक्षरांचा पत्ता नाही. चार फोटो फुकट. परतताना पंचवटीकडच्या इमारतींवरून ऊन तिरपं पायरीवर उतरलं होतं, आणि यंत्राने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं अक्षर न् अक्षर उठून दिसायला लागलं. खळग्याच्या एका कडेला उजेड, दुसऱ्या कडेला सावली. वरून पडलेल्या उन्हात हे जमत नाही. स्टील पांढरंफेक होत होतं म्हणून स्क्रीनवर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढली, उकिडवा बसलो आणि बाजूने काढला.

नाव चौकटीबाहेर ठेवलं. ‘यांजकडून सप्रेम भेट, १९८७’ एवढंच आत घेतलं. कुणाच्या हातून निसटली, की दशक्रियेला आणून मागेच राहिली, तिथे दोन्ही शक्य आहे. दुसऱ्या दिवशी वाटी नव्हती.

दोरीला लोहचुंबक बांधून कुंडातून नाणी काढणारी पोरंही रोज भेटतात. एकाच्या चुंबकाला लागलेला घोस काढला : रुपयाची नाणी, गंजका खिळा, कुलपाविना किल्ली. पोराचा हात चौकटीत आला, चेहरा येऊ दिला नाही. ‘पाचचं पिवळं नाय चिटकत, काका,’ म्हणाला. बरोबरच आहे, रुपया चुंबकाला धरणाऱ्या स्टीलचा, आणि पिवळं पाचचं नाणं निकेल-पितळेचं. पण पाण्यातून ओढून काढलेलं ‘पडलेलं’ धरायचं का? मी धरलंय. तुमच्यातले कडक नियमवाले नाराज होतील, होऊ देत.

अजून न जमलेली गोष्ट म्हणजे पिंपळाखालच्या तसबिरी. तडा गेलेले, रंग उडालेले देव लोक तिथे आणून ठेवतात. घरात ठेवता येत नाहीत, टाकवतही नाहीत. नऊ वेळा प्रयत्न केला. दर वेळी काचेत लक्ष्मीच्या जागी मीच. मोबाईलच्या मागे, आपल्या पुढ्यात काहीतरी काळं धरलं की काचेतलं प्रतिबिंब मरतं, म्हणून उद्या काळी छत्री घेऊन निघतोय. पाऊस नाही, ऊन तापलेलं नाही, फुलवाल्या मावशी काय विचारायचं ते विचारणारच.