पाचही बटणांचं उत्तर ५

जावास्क्रिप्टमध्ये लूप लावून, म्हणजे तोच कोड पुन्हा पुन्हा चालवून, मी पाच बटणं तयार केली. बटण दाबलं की त्याने आपला क्रमांक दाखवायचा, ० ते ४, एवढंच काम. पण कुठलंही बटण दाबा, ५ यायचे. क्रमांक ५ चं बटण तर नव्हतंच!

लूपच्या आत कन्सोलवर आय (i, म्हणजे फेरीचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) छापून पाहिला: ०, १, २, ३, ४. अगदी बरोबर. त्यामुळे मी आणखीच गोंधळलो आणि दीड दिवस बटणांच्या कोडमध्येच चूक शोधत बसलो.

शेवटी क्लिकच्या फंक्शनमध्ये ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड तिथे थांबवणारी खूण, लावला. क्रोमच्या डीबगरमध्ये स्कोपखाली (त्या जागी वापरता येणाऱ्या व्हेरिएबल्सच्या यादीत) ‘क्लोजर’ असं लिहिलेलं आणि त्यात आय = ५. तिथे उलगडा झाला. माझी समजूत अशी की फंक्शन तयार होताना आयची त्या वेळची किंमत टिपून घेतं. तसं नसतं. ते व्हेरिएबललाच धरून ठेवतं, यालाच क्लोजर म्हणतात. ‘व्हार’ने घोषित केलेला आय अख्ख्या फंक्शनभर एकच असतो. पाचही बटणांनी तोच धरलेला आणि मी क्लिक करेपर्यंत लूप संपून त्यात ५ आलेले.

‘व्हार’च्या जागी ‘लेट’ लिहिलं आणि बटणं बरोबर बोलू लागली. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीत आलेल्या ‘लेट’मुळे लूपच्या प्रत्येक फेरीला नवा आय मिळतो. पण एक शब्द बदलून समाधान होईना, म्हणून ‘लेट’ यायच्या आधीची पद्धतही हाताने लिहून पाहिली: लूपमध्ये फंक्शन लिहायचं, ते तिथेच चालवायचं आणि आय त्याला आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा. मला क्लोजर खरं कळलं ते यातून. प्रत्येक कॉलला स्वतःची व्हेरिएबल्स मिळतात आणि आतलं फंक्शन वापरात आहे तोवर, बाहेरचं संपलं तरी, ती मेमरीत टिकतात. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

पुढे पायथनमध्ये लूपमध्ये लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शन्स) लिहिले, तर सगळे ४ देऊ लागले. ५ नाही, कारण रेंज(५) चारवर थांबते. पायथनमध्ये लूपला वेगळा स्कोपच नसतो. तिथे आय = आय असं डिफॉल्ट आर्ग्युमेंट दिलं, कारण डिफॉल्टची किंमत फंक्शन तयार होतानाच ठरते.

गो भाषेत तर हा नियमच बदलला. फेब्रुवारी २०२४ मधल्या १.२२ आवृत्तीपासून फॉर लूपच्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं, पण मॉड्यूलच्या फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलेली असेल तरच. म्हणून जुना गो कोड हातात आला की मी आधी ती ओळ बघतो.