कामार्ग : रोहितांच्या कड्या वाचताना

मंडळी, कडीवाचनात, म्हणजे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या पायातल्या कडीवरचा कोड लांबून वाचण्यात, आता हात बसायला लागलाय. फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदी समुद्राला मिळते तिथला हा सखल मुलूख म्हणजे कामार्ग. उजनीवर दिसतो तोच थोरला रोहित इथल्या खाऱ्या तळ्यांवर असतो. 1970 मध्ये फांगासिए तळ्यात त्याच्यासाठी मुद्दाम बेट बांधलं आणि 1974 पासून तिथे वीण सुरू झाली. तूर द्यु व्हाला या संस्थेने 1977 पासून पिलांच्या पायात कोडवाली प्लास्टिकची कडी घालायला घेतली. असे पक्षी पुढे स्पेन, इटली, ट्युनिशिया, तुर्कस्तानातही दिसलेत, म्हणून एकेक वाचन मोलाचं.

रोहिताचा आपल्याला गुडघा वाटतो तो खरं तर घोटा. कडी त्याच्या वर असते. पक्षी पोटापर्यंत पाण्यात असेल तर स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) कितीही भारी असो, काही दिसत नाही. त्यामुळे मी आधी पाणी बघायला शिकलो. कोकणात आपण भरती-ओहोटीचं कोष्टक बघून निघतो. भूमध्य समुद्राची भरती इतकी थोडी की इथे सगळा कारभार वाऱ्याचा. व्हाकारेस सरोवर सुमारे 6,500 हेक्टरचं, पण खोली जेमतेम दोन मीटर. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा जोरात सुटला की पाणी दक्षिणेला लोटलं जातं आणि उत्तरेचा काठ उघडा पडतो. तेव्हा ट्रायपॉड मात्र अगदी खाली ठेवायचा, नाहीतर कोड थरथरतो.

चरणारा रोहित मान उलटी घालून, पायांनी चिखल तुडवत गोल फिरतो. कडी समोर येते, अर्धा कोड दिसतो, लगेच दुसरा पाय आड येतो. कडीला चिखल लागलेला असला तर पक्षी खोल पाण्यात जाऊन परत येईपर्यंत थांबायचं. घाईने अंदाज लिहायचा नाही. अपुरा कोड अपुरा म्हणूनच नोंदवायचा. ऊन चढलं की खारवट जमिनीवर हवा लहरायला लागते, तेव्हा वाचन बंद.

ते रिकामे तास मी समुद्राकाठच्या बांधावर घालवतो. एकोणिसाव्या शतकातला हा बांध. गाशोलच्या दीपगृहाजवळ गाड्यांना बंदी आहे, चालत किंवा सायकलने जायचं. पलीकडे वाळूच्या टेकड्या, वाळू अडवायला लावलेली लाकडी कुंपणं, ऑगस्टात फुलणारी पांढरी समुद्री लिली. केंटिश चिखल्या हा छोटा पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतो, इतकी बेमालूम की दोन पावलांवरूनही सुटतात. वाट सोडून चालू नका, ही कळकळीची विनंती.

सालँ-द-जिरोजवळची जुनी मिठागरं आता सरकारी किनारा-संवर्धन संस्थेकडे आहेत. तिथे मोडके बांध सगळीकडे पुन्हा न बांधता समुद्राला आत येऊ दिलं जातंय. मला हे मनापासून पटतं. पाणी स्वतःची वाट काढतंय आणि खारवनस्पती परत मूळ धरतायत.

आता हिवाळ्यात याच जागांवर दुपारचं वाचन जमतं का ते बघणार आहे. कुणी थंडीत कड्या वाचल्या असतील तर स्कोप किती पटीवर ठेवता ते जरूर कळवा.