विंगची उंची ठरली, आता फिलेटशी (विंग आणि फ्युजलाजच्या सांध्यातला गोलसर भराव) झटापट

तर मंडळी, चार मीटर स्पॅनच्या (पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत) मॉडेल ग्लायडरची विंग शेवटी शोल्डरला घेतली, म्हणजे पार पाठीवरही नाही आणि मधोमधही नाही. लो विंगचा प्रश्नच नव्हता, तिथे विंगची वरची बाजू आणि गोल फ्युजलाज (विमानाचं धड) यांच्यात अरुंद खाच पडते, मागे जाताना नेमकं तिथेच प्रेशर वाढत असतं आणि दोन्हीकडची मंदावलेली हवा एकत्र आली की फ्लो सुटलाच म्हणून समजा.

पण खरं सांगू का, उंचीवरून आपण जेवढे वाद घालतो तेवढं त्यात काही नाहीये, इन्सिडन्स, म्हणजे विंग फ्युजलाजला कुठल्या कोनात बसवायची ते, जास्त छळतो. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) हळू फिरताना विंगला मोठा अँगल लागतो, पुढच्या थर्मलकडे पळताना छोटा, मग कुठल्यातरी एका स्पीडलाच फ्युजलाज हवेला सरळ जाणार आणि बाकी वेळ तिरकं ओढलं जाणार. फ्लॅपवाल्यांची (विंगची मागची कड वर-खाली करता येणाऱ्यांची) इथे मजा असते, पळताना फ्लॅप थोडे वर घेतले की कॅम्बर (विंगचा बाक) कमी होतो आणि नाक फार खाली जात नाही. मी पळण्याच्या बाजूला झुकतं माप दिलंय. नाकही जरा खाली वळवलंय, कारण विंगच्या पुढे हवा आधीच वर चढायला लागलेली असते.

एटासारख्या 30.9 मीटर स्पॅनच्या ग्लायडरमध्ये इंड्यूस्ड ड्रॅग (लिफ्ट तयार करताना होणारा अडथळा) एवढा कमी होतो की मग असले कोपरेच डोळ्यात खुपायला लागतात. म्हणूनच विंगच्या मागे फ्युजलाज एकदम बारीक करतात, तिथे फ्लो तसाही टर्ब्युलंट झालेला असतो, मग निदान हवा घासायला पृष्ठभाग तरी कमी.

आपल्या साइजला मात्र जशीच्या तशी नक्कल चालत नाही. 20 सेंमी कॉर्ड (विंगची पुढून मागे रुंदी), 10 मीटर पर सेकंद, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (आकार आणि वेगावरून फ्लो कसा वागेल ते सांगणारा आकडा) जेमतेम सव्वा लाख, मोठ्यांचा दहा लाखांच्या पुढे. इथे लॅमिनार (थरांमध्ये शांत वाहणारा) फ्लो टिकवणं अवघड नाही, तो फार टिकून मग सुटतो हे दुखणं. रूटला (विंग फ्युजलाजला जुळते तिथे) लोकरीचे धागे चिकटवून बूमवर (शेपटीच्या दांड्यावर) कॅमेरा लावला तर स्लो फ्लाइटमध्ये ट्रेलिंग एजजवळचे (विंगच्या मागच्या कडेचे) धागे उलटे नाचत होते 😅 फिलेट मागच्या बाजूला वाढवल्यावर बरेच शांत झाले, पुढच्या बाजूला वाढवून काही फरक नाही.

आता प्लगला (साचा काढायच्या मूळ नमुन्याला) पुट्टी आणि घासाघाशी चालू आहे. रूटजवळ झिगझॅग टेप (फ्लो मुद्दाम टर्ब्युलंट करून सुटू न देणारी पट्टी) कॉर्डच्या किती टक्क्यांवर लावता तुम्ही लोक?