पायपेटीच्या बाजूने हिराबाई

हिराबाई पेडणेकरांचं नाव निघालं की पाठोपाठ पुरुषांची नावं येतात. नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर त्यांच्याकडे यायचे, राम गणेश गडकरी यायचे, मग कोण कुणावर भाळलं होतं वगैरे. गिरगावातल्या त्या घराबद्दल असं बोलतात की वाटावं, बाईंचं काम पाहुण्यांना चहा देण्याचं होतं. 'पहिल्या स्त्री नाटककार' हे बिरूद शेवटी चिकटवायचं, की झालं.

आमच्या मंडळातही परवा तेच झालं. मी रत्नागिरीतल्या एका हौशी मंडळात गेली कित्येक वर्षं पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची हार्मोनियम, वाजवते. पुढच्या संगीत नाटकाची चर्चा चालू होती, मी हिराबाईंच्या 'दामिनी'चं नाव काढलं. आमचे दिग्दर्शक काका म्हणाले, "अगो, हिराबाईच हव्यात तर 'कस्तुरीमृग' करू की!" वसंत कानेटकरांनी १९७६ साली हिराबाईंच्या आयुष्यावरून ते नाटक लिहिलं. नाटक म्हणून चांगलंच आहे, पण त्यात हिराबाई पात्र आहेत, आणि मला लेखिका हव्या होत्या. जिने नाटकं लिहिली ती आज कुणाच्या तरी नाटकातली भूमिका म्हणून जास्त ओळखीची आहे, याचं काकांना काहीच वाटलं नाही. मला मात्र राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

हिराबाई जन्मल्या सावंतवाडीला, कलावंतिणीच्या घरात. वाढल्या मुंबईत, मावशीकडे. शाळेत गेल्या, वाचायची गोडी लागली, भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकल्या. आमच्यासारख्या पेटीवाल्यांना या शेवटच्या गोष्टीचं मोल लगेच कळतं. भास्करबुवा म्हणजे बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू.

त्या काळातलं संगीत नाटकाचं जुनं पुस्तक कधी उघडून बघा. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एक ओळ छापलेली असते. म्हणजे चाल आधी आणि शब्द मागून. साकी-दिंडीसारखी सोपी वृत्तं कुणीही जुळवेल. पण बंदिशीच्या किंवा पारशी नाटकातल्या चालीवर मराठी शब्द बसवायचे म्हणजे घाम निघतो. जिथे गायक तान घेणार तिथे 'आ'कार हवा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जोडाक्षर आलं की गाणाऱ्याची जीभ अडखळते आणि शिव्या पेटीवालीला बसतात. दीर्घ अक्षर कुठे टिकेल, ऱ्हस्व कुठे निसटेल, हे कागदावर मात्रा मोजून कळत नाही. गळ्यातून काढून बघावं लागतं. कोल्हटकरांनी 'वीरतनय' नाटकापासून नव्या धाटणीच्या चाली रंगभूमीवर आणल्या, आणि हिराबाई त्यांना गुरू मानत. असेल. पण शब्द आणि सूर दोन्ही जिच्या हाताशी, अशा बाईच्या दिवाणखान्यात नाटककार मंडळी नुसत्या गप्पांना जात असतील, हे माझ्या गळी उतरत नाही. एखादी नवी चीज ऐकायला, एखादी ओळ गळ्यात बसते का ते बघायला, यासाठीही जात असणार. हा माझा कयास. पेटीवर बसून बसून असे कयास सुचतात.

पहिलं नाटक 'जयद्रथ विडंबन', १९०४ चं. बाई तेव्हा जेमतेम विशीत. महाभारतातला हा प्रसंग आठवतो ना? पांडव घरी नाहीत असं बघून जयद्रथ द्रौपदीला पळवतो, आणि मग भीम त्याला पकडून डोकं भादरून पाच शेंड्या ठेवतो. पौराणिक कथांचा समुद्र पडला होता. सीतास्वयंवर होतं, सुभद्राहरण होतं. पण ज्या घरातल्या मुलींवर कुणीही हात टाकावा असं जग मानायचं, त्या घरातल्या मुलीने नेमकी ही गोष्ट उचलली. यावर कुणी शंभर पानांचा प्रबंध लिहिला तरी मी वाचेन.

मग 'संगीत दामिनी'. बायकांनी नाटकं लिहिली नव्हती असं नाही. काशीबाई फडक्यांचं 'संगीत सीताशुद्धी' १८८७ चं. पण लिहिणं निराळं आणि धंद्याच्या मंडळीने तिकीट लावून उभं करणं निराळं. तालीम, पडदे, कपडेपट, साथीदारांचे पगार, सगळा पैसा पणाला लागतो. १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'ने 'दामिनी' रंगमंचावर आणलं. केशवराव तेव्हा बाविशीच्या आसपासचे, मंडळी १९०८ साली हुबळीला काढलेली, आणि समोर किर्लोस्कर मंडळींचं 'मानापमान' आदल्याच वर्षी आलेलं. अशा वेळी एवढ्या तरुण मालकाने कलावंतिणीच्या घरातल्या बाईचं नाटक घेतलं, यात धाडस आहेच. शिवाय चांगल्या पदांची पारख असणार. केशवरावांसारखा चढा, पल्लेदार गळा ज्याला, तो गाता न येणारी पदं कशाला घेईल?

आता गंमत बघा. गंमत कसली, थट्टाच. 'दामिनी'मधल्या बायका वठवल्या पुरुषांनी. या मोठ्या मंडळ्यांत बाईने उभं राहायचं नाही असा रिवाज. केवळ बायकांच्या काही मंडळ्या होत्या, त्यांना प्रतिष्ठा नव्हती. म्हणजे जिला उत्तम गाता येत होतं तिने पद लिहायचं, आणि ते गायला लुगडं नेसून पुरुष. आमच्या मंडळात आज नायिकेसाठी चार मुली रांगेत असतात आणि पुरुष गायक मिळत नाही म्हणून काका डोकं धरून बसतात. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं तेव्हा बाईच्या भूमिकेत बाईच, गायिका ज्योत्स्ना भोळे, रंगमंचावर आल्या. हिराबाई तेव्हा हयात होत्या, पण मुंबई आणि नाटकधंदा दोन्ही सोडून गुहागर तालुक्यातल्या पालशेतला राहत होत्या, कृष्णाजी नेने यांच्याबरोबर. शेवटपर्यंत तिथेच, १९५१ पर्यंत.

पालशेतच्या या वर्षांवर लोक फार हळवे होतात. मी होत नाही. भाळणारे बरेच होते आणि घरात घेणारा एक निघाला, बाईंनी त्याच्याबरोबर संसार केला. त्यात बिचारेपण शोधायचं कशाला? हळहळायचंच असेल तर तिसरं नाटक आलं नाही याबद्दल हळहळा. कोल्हटकरांची नाटकं पडली तरी त्यांना पुढचं नाटक मिळत होतं.

काकांना मी सांगितलंय, पूर्ण नाटक राहू दे. 'दामिनी'तली चार पदं आणि दोन प्रवेश, एवढंच बसवू. ते अजून हो म्हणालेले नाहीत, पण नाहीही म्हणालेले नाहीत, आणि आमच्याकडे एवढ्यावर तालमी सुरू होतात. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात 'दामिनी'ची पदं जुन्या चालींवर म्हणत असतील, आजीने शिकवलेली, अर्धवट आठवणारी, कशीही, तर मोबाइलवर गाऊन पाठवा. पट्टी कुठलीही चालेल, ती मी जुळवून घेते.