फ्लोअरला ड्रेन होल: चार पाडले, त्यातलं एक वाया

बऱ्याच दिवसांचं राहिलेलं काम शेवटी हातात घेतलं: गाडीच्या फ्लोअरला आत आलेलं पाणी बाहेर सोडायला भोकं पाडायचं. मागच्या वेळी गाडी घेऊन पाण्यात उतरलो तेव्हा दाराच्या रबरातून पाणी आत आलं, बाहेर काढून पुसलं, कार्पेट वरून दोन दिवसांत कोरडं पण झालं, आणि मी खूश. मग वास यायला लागला. उचलून बघतो तर खालचं फेल्ट अजून पिळलं तर पाणी गळेल इतकं ओलं, आणि पत्र्यावर तांबूस गंज धरलेला. फेल्ट तिथेच फेकून दिलं, आता रबर मॅट.

कोणी म्हणेल फ्लोअरला कंपनीचे रबरी बूच असतातच की. असतात, पण ती भोकं मुळात बॉडी प्राइमरच्या टाकीत बुडवून बाहेर काढतात तेव्हा आतला प्राइमर निथळावा म्हणून ठेवलेली, आपलं पाणी जावं म्हणून नाही. माझ्या गाडीत तर ती उंचवट्यावर आहेत, बूच काढला तरी पाणी ढिम्म.

आता माझा शहाणपणा ऐका. ड्रायव्हरच्या पायाखालची सगळ्यात खोल जागा मी डोळ्याने ठरवली आणि भोक पाडलं. नंतर मगभर पाणी ओतलं तर ते सगळं जाऊन बसलं चार बोटं मागे, सीटच्या ब्रॅकेटपाशी. म्हणजे आधी पाणी ओतायचं, मार्करने खूण करायची, मग ड्रिल हातात घ्यायचं. आणि हो, टेस्ट करताना गाडीत नेहमीचं सामान भरा, कारण मागे वजन पडलं की गाडी मागे बसते आणि खोल जागाही मागे सरकते, रिकाम्या गाडीत केलेली खूण चुकते. वाया गेलेल्या भोकात आता ग्रोमेट (भोक बुजवणारा रबरी तुकडा) बसवलाय, रोज बघून लाज वाटते.

बाकीची तीन नीट झाली. आधी गाडीखाली झोपून ब्रेक पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग, चॅसी कुठून जाते ते बघितलं, बॅटरीची वायर काढली. जिथे पत्रा डबल आहे तिथे अजिबात भोक नको, पाणी बाहेर न जाता दोन पत्र्यांमधल्या बंद पोकळीत शिरतं आणि तिथला गंज दिसतच नाही.

खरी डोकेदुखी फिटिंगच्या, म्हणजे भोकात बसवायच्या ड्रेनच्या तोटीच्या, कॉलरची (वरची रुंद कड). वरून बसवलं की कॉलर पत्र्याच्या ३ मिमी वर राहते, म्हणजे तेवढं पाणी कायम आत, मग ड्रेन कशाला केला? म्हणून आधी ८ मिमीचं भोक पाडलं, खालून पाइपचा जाड तुकडा लावला, वरून निमुळता जाड वॉशर, मधून बोल्ट घालून नट आवळत गेलो. पत्रा हळूहळू खाली ओढला जाऊन छान वाटी झाली, मग त्यात २५ मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) चालवला. आता कॉलर पत्र्याच्या खालीच बसते.

कडा कानशीने घासल्या, किस चुंबकाला फडकं गुंडाळून उचलला. हे टाळू नका, एक कण राहिला तरी तो गंजतो आणि रंगावर डाग पडतो. उघड्या कडेला दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्राइमरचे दोन हात, दुसऱ्या दिवशी रंग, मग पॉलियुरेथेन सीलंट. फिटिंग नायलॉनचं घेतलं. पितळी दिसतं भारी, पण पितळ आणि लोखंड चिकटून त्यात पाणी आलं की लोखंडच आधी खातं, पितळीच लावायचं असेल तर मध्ये रबर वॉशर घालाच.

झाकणाला आट्यांचा बूच, वरून हाताने फिरतो. पाण्यात उतरायच्या आधी बंद, बाहेर आलं की उघडा. एकाच दिशेने पाणी सोडणारा रबरी व्हॉल्व्हही लावून बघितला होता, पण ओठांत चिखल अडकला की तो उघडाच राहतो, मग खालून धूळ पण येते आणि पाणी पण, काढून टाकला.

काल १० लिटर पाणी ओतलं, एका भोकातून दीड मिनिटाच्या आत गेलं, तळाला फक्त ओल राहिली, फडक्याने पुसली.

मागचा सामानाचा भाग अजून बाकी आहे. तिथे बरोबर खोल जागेखाली डिझेलची टाकी आलीय, त्यामुळे ड्रिल लावायची हिंमत नाही, बहुतेक बाजूला कोपऱ्यात पाडून पाणी तिकडे वळवायला उतार करावा लागेल. टाकी उतरवली की फोटो टाकतो.