बाभळीचं चित्र, बाभळीच्या विस्तवावर

नाशकात जलरंगाला हात घालणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी गोदाघाटावर बसतो. नारोशंकराची घंटा, रामकुंडाच्या पायऱ्या, बाजाराच्या निळ्या ताडपत्र्या. शिवाजी तुपेंसारख्या निसर्गचित्रकाराचं हे शहर, तेव्हा घाट सोडून दुसरीकडे बोर्ड लावावा असं चटकन मनात येत नाही. मलाही नऊ वर्षं आलं नाही. या जानेवारीत मात्र आम्ही चौघी मैत्रिणी दोन दिवस निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर जाऊन आलो. दुसऱ्या दिवसाचं काही लिहीत नाही. पहिल्या सकाळचे तीनेक तास मात्र अजून डोक्यातून जात नाहीत.

चांदोरी, सायखेडा करत चापडगावला पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि बोटं काम करत नव्हती. निफाडची थंडी पेपरात दरवर्षी वाचते. अंगावर घेतली ती पहिल्यांदाच.

गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बंधारा घातला. पाण्याबरोबर आलेला गाळ साचत गेला, त्याची बेटं झाली, बेटांवर गवत आणि झाडं आली, मग पक्षी. 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून या जागेचं नाव झालं. लोक येतात ते पक्ष्यांसाठी. मी तासभर बघत राहिले ती बेटं. बेट म्हटलं की डोळ्यांपुढे टेकडी येते, आणि ही तर ताटासारखी चपटी. पाण्यावर बोटभर जाडीची मातकट रेघ, तिच्यावर पिवळं गवत. त्या सगळ्या आडव्या पसाऱ्यात उभं असं काही असेल तर बाभूळ.

आणि बाभूळ मला काढता येईना. आंबा, वड, चिंच यांचा हिरवा गठ्ठा आधी टाकायचा आणि मग सावली भरायची, हा हाताला बसलेला क्रम. बाभळीला गठ्ठाच नाही. पानं इतकी बारीक की पलीकडचं आभाळ झाडातून आरपार दिसतं. तिची सावलीसुद्धा विरळ पडते, म्हणून तर बांधावर ती पिकाला फारशी जाचत नाही. सॅप ग्रीन लावला की आंबा होत होता. शेवटी हिरवा बाजूला ठेवला, पिवळ्या मातकट रंगात थोडा निळा घेतला आणि अर्धवट कोरडा ब्रश कागदावरून नुसता घासत नेला. मध्येमध्ये कागद पांढरा राहिला. तिथे पहिल्यांदा बाभूळ दिसली. खोड जवळजवळ काळं, उभ्या भेगांचं, ते मागाहून काढायचं ठरवलं.

पण आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला थर, वाळेना. धुकं आणि दव, वीस मिनिटं झाली तरी कागद ओलाच. मी घाई केली, खोड ओल्यात टाकलं आणि काळा रंग पसरत आभाळात गेला. टिपकागदाने जेवढा उचलता आला तेवढा उचलला. रडू यायचंच बाकी होतं.

मागे एका वस्तीवरच्या आजी बराच वेळ बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "वाळंना व्हय? आण इकडं, चुलीम्होरं धर."

मी बोर्ड घेऊन त्यांच्या पडवीत गेले. चुलीत धडधडीत जाळ होता. बोर्ड हातभर लांब धरून मी फिरवत राहिले आणि कागदावरची ओल डोळ्यांदेखत उडत गेली. आजींनी चहा ठेवला, गुळाचा. मी सहज विचारलं, जळण कशाचं? "बाभळीचं. दुसऱ्या लाकडाला एवढा इंगळ ऱ्हात न्हाई."

मग त्यांनी फडताळातून एक डबा काढला. उन्हाळ्यात झाडांवरून गोळा केलेला डिंक, लाडवांसाठी ठेवलेला. मधाच्या रंगाचे खडे, एकाला सालीचा तुकडा चिकटलेला. एक खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो उजेडात धरला आणि अंगावर काटा आला. जलरंगाच्या ट्यूबमध्ये रंगाची भुकटी कागदाला धरून ठेवतो तो डिंक. आज तो बहुतेक आफ्रिकेतल्या, बाभळीच्याच नात्यातल्या झाडाचा येतो. आपले जुने लघुचित्रकारही रंग डिंकातच घोटत. हे मला पुस्तकातून माहीत होतं. नऊ वर्षं मी रोज डिंकात ब्रश बुडवते आहे, आणि बाभूळ माझ्या चित्रात कोपरा भरायलासुद्धा कधी आली नव्हती.

"आजी, पैसे?" म्हटलं तर त्या रागावल्याच. "डिंकाचं कसलं पैसं, पोरी. लाडू कर."

दहानंतर गाड्या आल्या. एका गाडीतून मोठ्याने गाणी, मनोऱ्यावर आरडाओरडा, आणि समोरच्या बेटावरचे चक्रवाक एका दमात उठून गेले. मला याचा मनापासून संताप येतो. पाणथळीवर येऊन ज्यांना गप्प बसवत नाही त्यांनी बागेत जावं. आम्ही सामान आवरलं.

चित्र पूर्ण झालं नाही. खोडाचा डाग आभाळात तसाच आहे, कागदाला धुराचा वास आहे. लाडू मी केले नाहीत. खडा कोमट पाण्यात टाकला, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळला, तळाशी साल उरली. वाटीत आता मधासारखा दाट डिंक आहे. रविवारी त्यात गेरू घोटून बघणार आहे.