जागेवर राहणारे लाकूड

सातारा जिल्ह्यातील आमचे जुने घर दोन वर्षांपूर्वी उतरवावे लागले. माजघराच्या कडीपाटातून नऊ सागवानी तुळया आणि बऱ्याच फळ्या निघाल्या. घर उतरवणाऱ्या कंत्राटदाराने त्या सगळ्या लाकडाची एकरकमी किंमत इतक्या तत्परतेने सांगितली की मला संशय आला आणि तीन तुळया मी ठेवून घेतल्या. त्यांतून लिहिण्याचे एक मेज, चार खणांचे बैठे कपाट आणि एका खिडकीची चौकट तयार झाली. ते काम मिस्त्रींच्या बरोबरीने बसून, काही वेळा त्यांच्या नाराजीचा धनी होऊन, मी वर्षभर केले. आणि त्या वर्षात सागवानाविषयीची माझी एक पक्की समजूत पार मोडली.

सागवान म्हणजे सर्वांत बळकट आणि सर्वांत कठीण लाकूड, अशी ती समजूत होती. आपल्याकडे घर बांधणारा प्रत्येक माणूस चौकटीसाठी सागवान मागतो, त्यामागेही बहुधा हाच विचार असतो. प्रत्यक्षात सुकलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरते, तर आपल्याच जंगलातील ऐनाचे साडेआठशेच्या आसपास जाते आणि शिसवही आठशेच्या पुढे असते. भार पेलण्यात ऐन सागाच्या पुढे आहे, आणि घासून झिजण्याला शिसव सागाहून कमी दाद देते. कोकणातील जुनी घरे पाहिली तर वासे आणि तुळया पुष्कळदा ऐनाच्या किंवा किंजळीच्या असतात, आणि ते केवळ साग महाग म्हणून नव्हे. असे असूनही डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करण्यासाठी जी पद्धत बसवली, तिच्यात प्रत्येक गुणासाठी सागाला १०० धरून बाकीच्या लाकडांना आकडे दिले जातात. सर्वांत बळकट नसलेले लाकूड मोजपट्टी म्हणून का निवडावे, याचे उत्तर मला पुस्तकातून कमी आणि कपाटाच्या खणांतून अधिक मिळाले.

लाकूड मेले तरी पाणी पिणे सोडत नाही. पावसाळ्यात हवेतील ओल शोषून ते फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल लांबीच्या दिशेने नगण्य असते. ती होते रुंदीत, आणि तीही दोन दिशांना सारखी होत नाही. ओंडक्याच्या वर्तुळांच्या कडेकडेने लाकूड जितके आकसते, त्याच्या निम्मेच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. या दोन हालचालींतील ओढाताणीमुळे फळीला बाक येतो, पीळ पडतो किंवा ती तडकते. हिरवे साग पूर्णपणे सुकवले तर ते वर्तुळांच्या दिशेने सुमारे सव्वापाच टक्के आणि गाभा-साल या दिशेने अडीच टक्क्यांच्या आसपास आकसते. ओकच्या लाकडात पहिला आकडा आठ ते दहा टक्क्यांपर्यंत जातो. माझ्या खणाची पुढची फळी ३०० मिलिमीटर उंच असती आणि उन्हाळा-पावसाळ्यात तिच्यातील ओलाव्यात सहा टक्क्यांचा फरक पडला असता, तर आडव्या कापाच्या सागात, म्हणजे फळीची रुंदी वर्तुळांच्या कडेकडेने जाते तेव्हा, ती तीन मिलिमीटर हलली असती आणि उभ्या कापाच्या सागात, म्हणजे रुंदी गाभ्याकडून सालीकडे जाते तेव्हा, दीड. म्हणूनच मिस्त्रींनी तुळई चिरण्यापूर्वी तिच्या तोंडावरची वर्तुळे खडूने गिरवून पाहिली आणि करवत कोणत्या अंगाने घालायची याचा विचार करण्यात सकाळचे दोन तास घालवले. त्या वेळी मला तो वेळकाढूपणा वाटला होता.

सागाची खरी किंमत आहे ती या स्वस्थपणाला. एकदा सुकून बसले की ते जागेवर राहते. दाराच्या चौकटीला, खिडकीच्या झडपेला, जहाजाच्या तक्तपोशीला हेच हवे असते. तिथे प्रचंड ताकदीपेक्षा सांध्याचे तोंड न उघडणे महत्त्वाचे असते.

दुसरा गुण त्याच्या अंगातील तेलकटपणात आहे. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, थोडे नैसर्गिक रबर असते, आणि टेक्टोक्विनोन नावाचे एक रसायन असते, ज्याच्यामुळे वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. नुकत्याच रंधलेल्या फळीवरून हात फिरवला तर मेण चोळल्यासारखा स्पर्श होतो आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. तुळयांमधून घडीव लोखंडी खिळे निघाले, तेव्हा डोक्याकडचा भाग गंजलेला असूनही लाकडात रुतलेला भाग बऱ्यापैकी शाबूत होता. ओकमधील टॅनिन आणि आम्ल लोखंडाला खातात. साग तसे करत नाही. जहाजबांधणीत या गोष्टीला फार महत्त्व होते. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओकची टंचाई झाली, तेव्हा तेथील आरमाराने मुंबईच्या गोदीत वाडियांकडून सागवानी जहाजे बांधून घेतली. त्यांपैकी १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. मुंबईत घडलेली ही वस्तू पाहायला हार्टलपूलपर्यंत जावे लागते, याची थोडी हळहळ वाटते.

तेलाचा त्रासही आहे. सागाच्या पृष्ठभागावर सरस नीट धरत नाही, म्हणून फळी रंधल्यावर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, सांधा जोडायचा असतो. फळी दोन-चार दिवस पडून राहिली असेल तर थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावी लागते. मी हे ऐकले नाही. मेजाच्या दोन फळ्या शनिवारी रंधून पुढच्या रविवारी चिकटवल्या आणि महिन्याभरात त्यांच्यामधून प्रकाश दिसू लागला. मिस्त्री काही बोलले नाहीत; त्यांनी सांधा उघडला, दोन्ही कडांवरून रंधा फिरवला आणि सरसाचा डबा माझ्यासमोर ठेवला. पायांच्या सांध्यांत मात्र खाच आणि कुसू इतके घट्ट बसवले होते की तिथे सरस नाममात्रच लागला.

हत्यारांची हकीकत आणखी वेगळी. साग कापायला मऊ वाटतो, रेषा सरळ असतात, पटाशी सहज आत जाते, आणि तरीही अर्ध्या तासात रंध्याचे पाते बोथट होते. याचे कारण लाकडाच्या पेशींमध्ये असलेली सिलिका, म्हणजे जवळजवळ बारीक वाळूच. काही नमुन्यांत तिचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या पुढेही जाते. त्या वर्षात पाते परजणे हेच माझे मुख्य काम होते असे म्हटले तरी चालेल. भुशाने हाताला खाज सुटते आणि शिंकाही येतात, तेव्हा तोंडाला फडके बांधलेले बरे.

बाजारात नवीन सागवान घेताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे गाभा आणि त्याबाहेरचा पांढरट थर. टिकाऊपणाच्या सगळ्या गोष्टी गाभ्याच्या आहेत; पांढऱ्या भागाला वाळवी आणि भुंगा दोन्ही खातात. आमच्या वाकसाने तासलेल्या तुळयांच्या कोपऱ्यांवर जिथे हा थर राहिला होता, तिथे बोट दाबले की पीठ झडत होते आणि आतला गाभा खणखणीत होता. चौकटीसाठी कमी पडलेला एक तुकडा मी विकत आणला, तेव्हा दुकानदाराने पांढऱ्या कडेवर तपकिरी रंगाचा हात मारून तो गाभा म्हणून दिला. रंधा फिरवताच ते उघडकीस आले. ताजा रंधलेला साग एकसारखा सोनेरी कधीच नसतो. तो हिरवट, काळपट पट्ट्यांचा, थोडा निराश करणारा दिसतो आणि काही आठवडे उजेडात राहिल्यावर त्याचा रंग जुळून येतो. म्हणून दुकानातच एकजात सोनेरी दिसणाऱ्या फळीकडे संशयाने पाहावे.

दुसरी गोष्ट वर्तुळांची. दाट वर्तुळांचे लाकूड ते बळकट, असे सगळेच सांगतात, पण सागाच्या बाबतीत ते सरसकट खरे नाही. सागाच्या प्रत्येक वर्तुळाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ असते आणि त्यापुढे घट्ट लाकूड येते; वर्तुळ रुंद झाले की हा घट्ट भागच वाढतो. त्यामुळे लागवडीतील, लवकर वाढलेला साग केवळ त्या कारणाने कमकुवत ठरत नाही. त्याचे खरे उणे हे की कोवळ्या झाडात पांढरा थर जास्त आणि गाभा कमी असतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील लागवडीचा साग आपल्या बाजारात अधिक दिसू लागला आहे. तो घ्यायला हरकत नाही, मात्र फळीच्या दोन्ही कडा आणि दोन्ही तोंडे पाहून घ्यावा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, बल्लारशाहच्या नावाने विकला जाणारा साग रेषा आणि रंग या दोन्हींत मला त्याहून सरस वाटतो, पण त्याचा भाव ऐकून मी हात जोडले.

शेवटचा हात देताना तेलाने पुन्हा अडवले. बाजारातील तयार वॉर्निश सागावर कित्येकदा दिवसेंदिवस चिकट राहते, कारण लाकडातील द्रव्ये ते सुकू देत नाहीत. मिस्त्रींच्या सल्ल्याने आधी लाखेच्या पातळ पॉलिशचे दोन हात दिले, आणि त्यावर वॉर्निश एका रात्रीत सुकले. खिडकीची चौकट तशीच कोरी ठेवली आहे. पावसाउन्हात ती आता राखाडी होऊ लागली आहे.

कपाटाचे खण बसवताना मी दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर फट सोडायला सांगितली होती, आणि मिस्त्रींनी एक-एकच मिलिमीटर सोडली. या जुलैमध्ये आठ दिवस सूर्य दिसला नाही, भिंतींना ओल आली, स्वयंपाकघरातील प्लायवूडचे दार चौकटीत अडकून बसले. खण एका बोटाने उघडत होते.